बोलणं तुमचं, गोळी माझी

काकी, बिंदीच्या गोळीची तारीख आली.

चार दिवस झाले, मी कॅलेंडरकडे बघते आणि तोंड फिरवते. तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुमच्या दुकानाचं शटर खालीच आहे. बिंदी रोज सकाळी त्याच्यापुढे जाऊन बसते, खालच्या फटीला नाक लावते. आतून गुळाचा, हळदीचा वास येत असेल. तुमचा येत नसेल. मग ती उठून माझ्या दारात येते आणि माझ्याकडे बघत राहते. मीच तुम्हाला कुठेतरी ठेवून विसरले असं तिला वाटत असावं.

हे सोमवारी डोंगरातल्या आश्रमशाळेवर स्वयंपाकाला जातात ते शनिवारी परत येतात. लेक सीमा व्याऱ्याला, तिच्या घरी. म्हणजे घरात मी एकटी. तशी आधीही एकटीच होते, पण तेव्हा भिंतीपलीकडे तुम्ही होता. सकाळी तुम्ही पाणी गाळायच्या, कपडा पिळायच्या, मग डब्यांची झाकणं लावायच्या. ते सगळं मला इकडे ऐकू यायचं. तुम्ही बाराव्या डब्यानंतर थोडं थांबायच्या, कारण तेरावा वरच्या फळीवर होता. आता मी माझ्या घरात डबा उघडला की त्याचाच आवाज मोठा वाटतो.

मला बोलता येत नाही, हे तुम्हाला पहिल्याच वर्षी कळलं. मी प्रकाशा गावाहून लग्न होऊन खांडबाऱ्यात आले. दुकानात साखर घ्यायला आले की दारात उभी राहायचे आणि तुम्ही विचाराल याची वाट बघायचे. तुम्ही एकदा मुद्दाम विचारलं नाहीत. मी कितीतरी वेळ उभी. शेवटी तुम्हीच हसलात. "काय वं शोभा, तोंडमा मूग भरेल शेतस का? मूग बी मन्हाच दुकानना व्हतीन."

त्या दिवसापासून माझ्या वाट्याचं बोलणं तुम्ही करू लागलात. गॅसवाल्याशी तुम्हीच बोललात, सीमाच्या बाईंशीही तुम्हीच. आणि बिंदी आल्यावर डॉक्टरांशी.

तुमच्या गोदामात उंदीर फार झाले होते. दुसरं कोणी असतं तर औषध टाकलं असतं, पिंजरा लावला असता. तुम्ही जैन. पिठाची चिमूट मुंग्यांच्या वारुळावर टाकल्याशिवाय तुमचा दिवस सुरू व्हायचा नाही. उंदरांना तुम्ही फक्त बोलायच्या. मग एक पिवळी मांजर आपणहून आली आणि पोत्यांच्या मागे तिने तीन पिल्लं घातली. तुम्हाला आनंद झाला आणि काळजीही लागली, की ही आता उंदीर मारणार. त्यावर तुम्ही उपाय काढलात, वाटीभर दूध, दिवसातून तीनदा. "पोट भरेल व्हई तं उंदीरवर कसाले जाई?"

पिल्लांनाही दूध. महिन्याभरात त्यांची पोटं अशी गोल झाली की चालताना जमिनीला लागायची. तुम्ही गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायच्या. "दख, कसं शेठसारखं पोट सुटनं शे." सगळे हसायचे. मीही हसले होते. कुणाच्या लक्षात आलं नाही की पोट तेवढं मोठं आणि पाठीचा कणा हाताला लागतोय. केस खरखरीत झाले होते. आपण म्हणायचो, दूध अंगी लागलं. आणि दूध वाढवायचो.

माझ्या माहेरीही कुत्री होती, मांजरं होती. त्यांना औषध म्हणजे चुलीची राख, नाहीतर नशीब. पिल्लं व्हायची, दोन जगायची, बाकीची जायची. का जातात असं कुणी विचारत नव्हतं.

पहिलं पिल्लू दुपारी गेलं. दुसऱ्याने संध्याकाळी उलटी केली आणि त्यात शेवयांसारखे जंत निघाले, पांढरे, लांब, वळवळणारे. मी पदर तोंडाला लावला. तुम्ही मात्र उठून पळसाचं पान आणलंत. मला वाटलं पिल्लाचं तोंड पुसायला. तुम्ही तो एकेक जंत पानावर घेतला आणि पाण्याच्या माठाखाली, ओल्या मातीत नेऊन ठेवला.

"काकी, काय करी ऱ्हायन्यात?"

"ह्या बी जीवच शेतस ना वं."

मला तेव्हा तुमचा फार राग आला. हे मी कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते. पिल्लू तिथे पाय ताणून पडलं होतं आणि तुम्ही त्याला मारणाऱ्याला सावलीत ठेवत होता. मी मनात म्हटलं, ही कसली दया. पण मग तुम्ही परत आलात, पिल्लाला मांडीवर घेतलंत आणि पदराने त्याचं तोंड पुसलंत. तुम्हाला दोन्हीकडचं दुखत होतं. मला एकाच बाजूचं कळत होतं.

ते पिल्लूही गेलं. तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. उरलेलं एक, कपाळावर टिकलीएवढा काळा ठिपका असलेलं, म्हणजे आपली बिंदी, तुमच्या वह्यांच्या गठ्ठ्यावर झोपून होतं. त्याचंही पोट गोल होतं.

मी सांगितलं, गुरांच्या दवाखान्यात नेऊ. बहुतेक मी तुम्हाला काही सांगण्याची ती पहिलीच वेळ. तुम्ही भिंतीकडे वळलात. मग म्हणालात, "औषध मी देवाव नही. मन्हा हातथून नही व्हवाव. पन डॉक्टरशी तू बोलशी का?"

मी मान हलवली. नाही.

"मंग आसं करूत. बोलनं मन्हं, गोळी तुन्ही."

तसं ठरलं. चार वर्षं तसंच चाललं.

दवाखान्यात त्या दिवशी दोन बैल, पाच-सहा शेळ्या आणि आपण. कापडी पिशवीतून मांजराचं पिल्लू निघालेलं बघून एक म्हातारा म्हणाला, शेठाणी, याचं दूध किती निघतं? तुम्ही पटकन म्हणालात, निघत नाही, लागतं, म्हणून तर आले. सगळा ओटा हसला. मी तुमच्या मागे उभी राहून पिशवीचे बंद मोजत होते.

डॉक्टरांनी पिल्लाचं पोट दाबून बघितलं, पापणी उलटून बघितली. म्हणाले, हे जंत आईच्या दुधातूनच येतात, म्हणून तिन्ही पिल्लांना होते. गोळी वजनावर असते, अंदाजाने द्यायची नाही. माणसांची द्यायची नाही, शेळीच्या औषधातलं थोडं काढून द्यायचं नाही, कुत्र्याची मोडून मांजरीला तर अजिबात नाही. पंधरा दिवसांनी परत या, कारण आज औषध आतड्यातल्या जंतांवर चालेल, जे अजून अंगात दुसरीकडे आहेत ते मागून उतरतील. मग महिन्याने, मोठी झाली की तीन महिन्यांनी. दर वेळी वजन करून, चिठ्ठी घेऊन. त्यांनी ते सगळं सांगितलं आणि तुम्ही सगळ्याला मान डोलावलीत. मग तुम्ही पिल्लाला घेऊन बाहेर गेलात. चिठ्ठी घ्यायला मी मागे राहिले, तेव्हा ते मला म्हणाले, "या औषधाने जंत लुळे पडतात. धरलेलं सुटतं आणि बाहेर येतात, कधी जिवंतही दिसतात, पण बाहेर मरतात. ती घाण लगेच उचला, जाळा नाहीतर खोल पुरा. त्यातली अंडी मातीत राहतात. मुलं मातीत खेळतात, हात तोंडात घालतात. माणसालाही त्रास होतो."

रस्त्यात तुम्ही विचारलंत. तुम्हाला ते डॉक्टरांना विचारायचं नव्हतं. त्यांनी खरं सांगितलं असतं.

"मरतस का वं त्या?"

चिठ्ठी माझ्या हातात होती. मी तिच्याकडे बघून, वाचल्यासारखं करून म्हटलं, "नही काकी. सुटी जातस. बाहेर निंघी जातस."

"सुटी जातस?"

"हा."

"मंग बरं शे."

आणि तुम्ही इतक्या मोकळ्या चालू लागलात की मी पुढचं बोललेच नाही. अर्धं खरं होतं ते. उरलेलं अर्धं चार वर्षं माझ्या घशात राहिलं. लहानशी गोळी घशात अडकली की बिंदी कशी मान वर करून गिळत राहते, तसं.

वजन तुमच्या दुकानातल्या तराजूवर व्हायचं. एका पारड्यात फडकं टाकून बिंदी, दुसऱ्यात वजनं. ती पारड्यात बसायची आणि खाली-वर होताना डोळे मोठे करायची. तुम्ही काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरायच्या. मी म्हणायचे, काकी, थोडं इकडेतिकडे चालेल. तुम्ही शेठाणीच्या आवाजात म्हणायच्या, "माप चुकनं तं पाप लागी." औषधाला हात लावायचा नाही, पण मापात एक तोळा फरक चालायचा नाही. मला तेव्हा ते गमतीचं वाटायचं. आता वाटतं, तुम्हाला जेवढं करता येत होतं तेवढं तुम्ही अगदी नीट करत होता.

दुकानापुढच्या काळ्या कुत्र्याला जंत झाले तेव्हा तर कहर केलात. तो तराजूत मावेना. मग तुम्ही समोरच्या धान्यवाल्याकडे वजनकाट्यावर मला उभं केलंत, आधी काळ्याला उचलून घेऊन, मग एकटीला. वजाबाकी तुम्ही तोंडाने केलीत आणि मोठ्याने सांगितलीत. "काळ्या चौदा किलो, शोभा बावन." हमाल हसले. मी आठ दिवस त्या बाजूला गेले नाही. तुम्ही म्हणालात, त्यात काय लाजायचं, बावन्न म्हणजे चांगलं वजन, माझं तर अठ्ठेचाळीस. आणि काळ्याची गोळी त्याच्या चौदा किलोला बरोबर लागली, तिसऱ्या दिवशी तो परत सायकलींच्या मागे धावायला लागला.

गोळी द्यायच्या वेळी तुम्ही तुपाची वाटी माझ्या घरी आणून ठेवायच्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. ओठात नवकार मंत्र. मी बिंदीला टॉवेलात गुंडाळायची, गोळीला तूप लावायची, जबड्याच्या कोपऱ्यातून आत सरकवायची, मग गळ्यावरून बोट फिरवायची. तुम्ही न वळता विचारायच्या.

"व्हयनं का वं?"

"व्हयनं."

मग वळायच्या. बिंदीच्या नाकावर तुपाचं बोट लावायच्या, म्हणजे ती जीभ काढील आणि गोळी गिळली की नाही ते कळेल. गोळी थुंकली तर परत भिंतीकडे. एकदा तुम्ही चार वेळा वळलात. चौथ्या वेळी म्हणालात, "मन्हा नवकार सरनात, तुन्ही गोळी सरत नही."

आता खरं सांगायचं ते सांगते.

गोळीनंतर जे जंत बाहेर पडायचे ते तुम्ही पळसाच्या पानावर घेऊन मागच्या निंबाखाली ओल्या मातीत ठेवायच्या. वर दोन थेंब पाणी शिंपडायच्या. तुम्हाला वाटायचं ते तिथे जगतील. तुम्ही घरात गेल्यावर मी पत्र्याचा तुकडा घेऊन यायची. वरची माती वीतभर उकरून काढायची आणि माझ्या मागच्या दाराला पाचट टाकून जाळायची. एकदा तुम्ही विचारलंत, धूर कसला. मी म्हटलं, कचरा.

मी ते का केलं ते तुम्हाला ठाऊक आहे का? दिवाळीत सुरतेहून तुमचे नातू यायचे. त्याच निंबाखाली भोवरा खेळायचे, मातीचे किल्ले करायचे. धाकटा तर बोट चोखायचा. मला ते बघवत नव्हतं. तुम्हाला सांगायचं तर ते जंत मेलेत, त्यांची अंडी मातीत आहेत आणि तुमच्या नातवाच्या पोटात जातील, असं सांगावं लागलं असतं. म्हणजे दूध पाजणंही चूक, औषध देणंही चूक, पानावर ठेवणंही चूक. मग तुमच्याकडे काय उरलं असतं? म्हणून मी जाळत राहिले. मला पाप वाटलं नाही. पण तुमच्यापासून लपवलं, ते मात्र दर वेळी टोचलं.

दुसऱ्या वर्षी बिंदीच्या शेपटीखाली तांदळाच्या कण्यांसारखं काही चिकटलेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले, हा दुसरा जंत, पट्टीसारखा, तुकडे गळून पडतात. पिसवांतून येतो, नाहीतर उंदीर खाल्ल्याने. तुम्ही दुखावलात. "मन्ही बिंदी उंदीर नही खास." त्याच आठवड्यात, तुमच्या पर्युषणाच्या उपासात, बिंदीने अर्धा उंदीर आणून बरोबर तुमच्या उंबऱ्यावर ठेवला. तुम्ही कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत होता. मग मला हाक मारलीत. "शोभा, ही दख, मन्हासाठे फराळ लयनी." तोंडावर पदर घेऊन हसलात आणि नंतर उंदरासाठी माळ जपलीत.

त्या जंताची गोळी वेगळी होती. डॉक्टरांनी सांगितलं, यात तो आतच विरघळून जातो, बाहेर काही दिसणार नाही. पिसवांवरही चिठ्ठी दिली. पुन्हा बजावलं, कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजरीला लावू नका, जीव जाईल. गोळीनंतर तुम्ही दोन दिवस पान घेऊन वाट बघितलीत. काही निघालं नाही. तुम्ही खूश. "दख, काहीच नव्हतं. सगळं कोरं शे." मी पुन्हा मान हलवली.

दर वर्षी पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, संध्याकाळी तुम्ही प्रतिक्रमण करून यायच्या आणि माझ्या दारात हात जोडून उभ्या राहायच्या. माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठं माणूस. "वरीसभरमा काही कमीजास्त बोलनी व्हसू तं माफ करजो, शोभा. मिच्छामि दुक्कडम्." मला कुठे बघावं कळायचं नाही. मी हात पदरात लपवायची आणि म्हणायची, अहो काकी, काय हे. उलट मागायची असते माफी, हे मला माहीत होतं. सीमा लहान असताना सहज बोलून जायची. माझ्या तोंडातून ते दोन शब्द कधी निघाले नाहीत.

गेल्या वर्षी तुम्ही नेहमीचं म्हणालात आणि थांबलात. मग म्हणालात, "आनि बिंदीना पोटमाधला जीव. ते बी मन्हंच शे, शोभा. तुन्हं नही. तुन्हा हातवर मी ढकली दिधं."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. कधीपासून? पहिल्या दिवसापासून, की धूर दिसला तेव्हापासून? निंबाखालची माती दर वेळी नवी दिसते, हे दुकान चालवणाऱ्या बाईच्या नजरेतून कसं सुटेल? तुम्ही माप ओळखणाऱ्या.

ते विचारायची वेळ होती. सांगायचीही होती. आणि मी काय म्हटलं? "काकी, चहा टाकू?"

दिवसभराचा तुमचा उपास. सूर्य बुडलेला. पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत तुम्ही, आणि मी चहा विचारला. तुम्ही हसलात, माझ्या गालाला हात लावलात आणि गेलात. मी दारातच उभी राहिले. उद्या बोलू असं ठरवलं. मग परवा. मग थंडी पडली.

तुम्हाला ताप आला, तो उतरेना. तुमचे राजूभाऊ गाडी घेऊन आले, आईला सुरतेला नेतो म्हणाले. तुम्ही मागच्या सीटवर शालीत इतक्या लहान दिसत होता. मी खिडकीशी आले. तुम्ही काच खाली करायला लावलीत.

"बिंदीले टाइमवर गोळी देजो. मापीसन देजो."

"हा काकी."

"आनि तोंड उघाडजो. मी काय सगळा जल्म बोलत बसू का तुन्हाकरता?"

मी हसले. गाडी गेली. बारा दिवसांनी सीमाचा फोन आला, तिला कुणीतरी कळवलं होतं. मी गव्हाचं पीठ चाळत होते. चाळण खाली ठेवली आणि सवयीने भिंतीवर थाप मारली. तुम्हाला काही सांगायचं असलं की मी तशीच थाप मारायची. हात लागल्यावर कळलं. शनिवारी हे आले, म्हणाले, "बाई चांगली व्हती." जेवले आणि झोपले. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण ते आठवडाभर शाळेवर होते, त्यांच्यासाठी तुम्ही एका दिवसात गेलात. माझ्यासाठी रोज सकाळी जाता, डबे वाजत नाहीत तेव्हा.

काल राजूभाऊ दुकान रिकामं करायला आले. पोती गेली, डबे गेले, तेराव्या डब्यासाठी त्यांना स्टूल लागलं. मी माझ्या ओट्यावर तांदूळ निवडत बसले. त्यातला खडा एकही दिसत नव्हता. शेवटी ते आले.

"वहिनी, आईनी काही आठवण ठेवनी व्हई तं सांगा. साडी, ताट, काही बी."

मी मान हलवली. नाही.

ते गेले. आत तराजूची साखळी वाजली, कुणीतरी तो पोत्यात टाकत होतं. बिंदी माझ्या पायाशी बसून कान टवकारून ऐकत होती. तो आवाज तिच्या ओळखीचा. मी उठले. पाय उंबऱ्याबाहेर पडले पण शब्द येईनात. शटर अर्धं खाली आलं होतं. मी शटरलाच म्हटलं, "तराजू राहू द्या."

राजूभाऊ वाकून बाहेर आले. "तराजू? तुम्हाले कसाले?"

"बिंदीले मोजाले लागस. गोळी शे तिन्ही."

 ते हसले आणि लगेच त्यांचे डोळे भरले. त्यांनी सांगितलं, तिकडे तुम्ही सारखं एकच म्हणत होता, शोभा डॉक्टरशी बोलेल का. तुमच्या सूनबाईला वाटलं, तुम्ही तापात बडबडता. त्यांनी तराजू स्वतः आणून माझ्या ओट्यावर ठेवला. वजनं एकेक करून पुसून दिली.

आज सकाळी बिंदीला पारड्यात बसवलं. पावणेचार किलो. काटा स्थिर होईपर्यंत मीही श्वास धरला. मग तीच कापडी पिशवी घेऊन एकटी दवाखान्यात गेले. ओट्यावर माणसं होती. डॉक्टरांनी मान वर केली आणि माझ्या मागे बघितलं, तुम्ही कुठे आहात ते. मी म्हटलं, काकी गेल्या. मग एका श्वासात म्हटलं, वजन पावणेचार किलो, खाणं चांगलं, शेपटीखाली कण्या नाहीत, मागची गोळी तीन महिन्यांपूर्वी, एक उंदीर खाल्ला आहे. डॉक्टर लिहायचे थांबले. म्हणाले, "एवढं व्यवस्थित कोणी सांगत नाही." मी पिशवीचे बंद मोजले नाहीत.

दुपारी गोळी दिली. तुपाची वाटी माझ्याच घरची, तुमच्या तुपासारखा वास नाही त्याला. टॉवेल, जबड्याचा कोपरा, गळ्यावरून बोट. सगळं झालं आणि मी थांबले. कुणीतरी विचारील म्हणून थांबले. भिंतीशी तुम्ही उभ्या राहायच्या तिथे चुन्यावर खांद्याएवढ्या उंचीवर एक मळकट डाग पडलाय, तुम्ही तिथे हात टेकायच्या त्याचा. मी त्या डागाला म्हटलं, "व्हयनं, काकी."

मग राहिलेलं सांगितलं. ते मरत होते, काकी. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माती मी जाळत होते. तुम्ही म्हणालात ते माझ्यावर ढकललंत, तर तसं नाही. मी आपणहून घेतलं होतं, आणि ती राख घेऊन मी तुमच्यासमोर खोटी मान हलवत राहिले. बिंदी जगली याचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही एकट्याने चार वर्षं त्याचा हिशोब देवापुढे मांडत बसलात आणि मी भिंतीच्या इकडे गप्प होते, याचं वाटतं.

हात पदरातून बाहेर काढले. जोडले. ते दोन शब्द जड आहेत, सीमाला सोपे जायचे, मला दोनदा अडखळले. तिसऱ्यांदा नीट निघाले. मिच्छामि दुक्कडम्.

खोलीत कोणी नव्हतं. हात तसेच जोडलेले होते, तेवढ्यात बिंदीने उडी मारली आणि माझ्या बोटांवरचं तूप चाटायला लागली. जीभ बाहेर होती. गोळी गिळली होती.